जिलबीवाल्या उंदराचा गणपती

मला चोर ठरवणारी मेल आली तेव्हा मी दुकानात बसून पोहे खात होतो. मेलमध्ये 'चोर' असा शब्द नव्हता म्हणा. असता तर मला लगेच कळला असता. तिथे होतं लांबलचक, गुळगुळीत इंग्रजी, आभारानं सुरू होऊन आभारानंच संपणारं. माझं सगळं शिक्षण देवासच्या सरकारी शाळेत, हिंदी मीडियममधलं. तीनदा वाचून मला एवढंच समजलं की माझा गणपती परत पाठवलाय आणि या वेळी कारण नेहमीचं नाही. उरलेले पोहे तसेच गार झाले.

आता हा गणपती काय आणि तो कुणाकडे पाठवला होता, हे आधी सांगायला हवं.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं लग्नपत्रिका डिझाइन करायचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक प्रिंटर आणि लाइट गेली की दहा मिनिटं चालेन म्हणून दुसऱ्या मिनिटाला मान टाकणारा यूपीएस. शेजारीच छापखाना. मी स्क्रीनवर पत्रिका बनवायची, त्यांनी छापायची. सीझनमध्ये मान वर करायला फुरसत नसे आणि सीझन संपला की माश्या मारायच्या.

बाबांना हे काम कधी पटलंच नाही. ते साताऱ्याकडून देवासला आले ते कारखान्यात नोकरी लागली म्हणून. इन्स्पेक्शन खात्यात होते. तयार झालेला प्रत्येक पार्ट त्यांच्या टेबलावरून जायचा, मापात बसला की त्यावर त्यांचा निळा शिक्का पडायचा. शिक्का नसलेला पार्ट गेटच्या बाहेर जाऊ शकत नसे, मग साहेब स्वतः येऊन उभा राहो. पुढे कारखाना बंद पडला, बाबा घरी बसले, पण नजर तीच राहिली. आईनं केलेली पोळीसुद्धा ते उलटसुलट करून बघायचे. माझ्या दुकानात आले की माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे, मला पत्रिकेवरचा हत्ती इथून उचलून तिथे ठेवताना बघायचे आणि म्हणायचे, "म्हणजे दिवसभर चिकटवाचिकटवीच की!" आणि जायचे निघून. मला असा संताप यायचा! पण त्यांचं अगदीच खोटंही नव्हतं. निम्म्या पत्रिका चिकटवाचिकटवीच्याच असत.

गणपती मात्र तसला नव्हता. तो माझा होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा ताईचं लग्न ठरलं, धारला. सासर जुनं, संस्थानच्या वेळचं, घरात अजून 'बसावं', 'घ्यावं', 'येणं करावं' अशी भाषा. आम्ही कारखान्यातली माणसं, आम्हाला आपलं धाकधूक. मी म्हटलं, ताईची पत्रिका मी करणार आणि त्यावर बाजारातला गणपती घालणार नाही. ड्रॉइंगचा जाड कागद आणला आणि आठवडाभर पेन्सिलीनं, मग काळ्या शाईनं गणपती काढला. डाव्या सोंडेचा, मांडी घालून बसलेला, डोक्यावर मराठी पगडी. पायाशी उंदीर. उंदराच्या हातात लाडू असतो, मी जिलबी दिली. ताई लहानपणी पोह्यांबरोबरची माझी जिलबी हटकून पळवायची, तिला चिडवायला म्हणून. बाबा समोरच्या खाटेवर पेपर वाचत बसले होते. मधेच म्हणाले, "हे काय वेटोळं?" मी म्हटलं, "जिलबी." ते हसले नाहीत, पण पेपर खाली ठेवून बराच वेळ बघत बसले होते एवढं मला नक्की आठवतंय.

मग तो कागद स्कॅन केला आणि त्यावरून कॉम्प्युटरवर एकेक रेष पुन्हा ओढली. हे जरा समजावून सांगतो, कारण पुढचा सगळा तमाशा यावरच झाला. कॉम्प्युटरवरचं चित्र दोन जातींचं असतं. एक ठिपक्यांचं, त्याला रास्टर म्हणतात. फोटो असतो तसं, फार मोठं केलं की फुटतं. दुसरं रेषांचं, त्याला व्हेक्टर म्हणतात. ते व्हिजिटिंग कार्डावर लावा नाहीतर चौकातल्या होर्डिंगवर, कड तशीच्या तशी. माझा गणपती मी रेषांचा केला. महिना गेला. सोंडेचा एक बाक जमेना म्हणून मी दोनदा माउस आपटला आणि तिसऱ्यांदा नवा माउस आणला.

पत्रिका छापून आल्या. गठ्ठा घरात आला तेव्हा बाबांनी छापलेली पत्रिका हातात घेतली, उलटसुलट केली, बाजूला ठेवली आणि मला म्हणाले, "मूळ कागद कुठाय?" मी दिला. त्यांनी त्या गणपतीखाली आपल्या सरळ, कारखान्यातल्या ड्रॉइंगवर असतात तशा अक्षरात ताईच्या लग्नाचं निमंत्रण लिहून काढलं, तिथी, तारीख, मुहूर्त सगळं. मग कुंकू ओलं केलं आणि अंगठ्यानं गणपतीच्या कपाळावर दाबून लावलं. पायाशी हळद. आपल्यात पहिली पत्रिका देवाला. ताईच्या सासरी ती त्यांच्या देवघरात ठेवायची रीत होती. आई म्हणाली, "अहो, छापलेली न्या की, तो कागद किती मेहनतीचा आहे!" बाबा म्हणाले, "देवाला झेरॉक्स देणार का?"

आणि तो कागद घेऊन ते धारच्या बसला बसले.

मला काही वाटलं नाही. कागदाचं काय करायचंय, फाइल होती ना माझ्याकडे! असा मी शहाणा.

लग्नात पत्रिका सगळ्यांना आवडली आणि तिथून माझ्या गणपतीची वरात निघाली. आमच्या माळव्यातल्या छापखान्यांची एक रीत आहे, कुणी कुणाला फाइल द्यायला नाही म्हणत नाही. नाही म्हणणं म्हणजे कंजूषपणा, तोंड दाखवायला जागा राहत नाही. उज्जैनचा यायचा, "भिया, वो जलेबी वाले गणपति डाल दो ना फ्लॉपी में." शाजापूरचा यायचा. मीही ऐटीत, "ले जाओ भिया, अपने ही हैं." फ्लॉपीच्या सीडी झाल्या. पुढे इंदूरला कुणीतरी हजार तयार चित्रांची, क्लिपार्टची, सीडी काढून विकायला सुरुवात केली, सोबतच्या पुस्तिकेत माझा गणपती पहिल्या पानावर. मला राग यायला हवा होता. मी काय केलं असेल? ती सीडी विकत घेतली आणि बाबांना दाखवली. ते म्हणाले, "यावर तुझं नाव कुठाय?" मी म्हटलं, "क्लिपार्टवर नाव नसतं." ते म्हणाले, "बरं."

मग काही वर्षांनी दुकानात इंटरनेट आलं आणि एका ओळखीच्या फोटोग्राफरनं मला त्या परदेशी वेबसाइटबद्दल सांगितलं. चित्रं तिथे ठेवायची, जगातले लोक येऊन आपल्या जाहिरातींसाठी, पुस्तकांसाठी विकत घेणार, प्रत्येक विक्रीवर आपल्याला थोडे डॉलर. एकच चित्र शंभर वेळा विकलं जाऊ शकतं. रेषांची फाइल द्यायची, सोबत त्याच चित्राची ठिपक्यांची मोठी फाइल द्यायची, ज्याला जी हवी ती तो घेणार. आणि प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचं नाव! मला डॉलरपेक्षा त्या नावाचीच भूल पडली, खरं सांगतो. मला वाटलं, हे पान बाबांना दाखवायचं. हे चित्र, हे खाली माझं नाव. आता बोला चिकटवाचिकटवी!

पण ते इतकं सोपं कुठलं असायला! आधी परीक्षा. काही चित्रं पाठवायची, त्यांचे तपासनीस बघणार, पास झालात तर दार उघडणार, नापास झालात तर महिनाभर थांबा. मी पाठवायचो, ते परत करायचे. एकदा म्हणाले, रेषा कुठेतरी उघडी राहिली आहे. कुठे? ते नाही सांगणार. पाच हजार रेषांत ती शोधत मी दोन दिवस बसलो. एकदा म्हणाले, तुमची फाइल आमच्याकडे उघडताना रंगाच्या पट्ट्या पट्ट्या होतात. आमच्याकडे सगळं देवास ज्या सॉफ्टवेअरवर चालायचं त्याचा हा जुना रोग, मला काय माहीत! एकदा म्हणाले, रेषांची फाइल चांगली आहे पण ठिपक्यांची धूसर आहे. ती चांगली करून पाठवली तर म्हणाले, आता ठिपक्यांची चांगली आहे पण विषयाला बाजारात मागणी नाही.

विषय होता डोलीतून जाणारी नवरी. मागणी नाही म्हणे! इथे दर दिवाळीनंतर ती नवरी पायलीनं छापतोय आम्ही. मग मी त्यांना हवं ते काढायला लागलो. हात मिळवणारे साहेब. पृथ्वीचा गोल. हिरवं सफरचंद. नाताळचं झाड. देवासच्या उन्हात, पंखा बंद, घामाच्या धारा लागलेल्या आणि मी बर्फाचे कण काढतोय, सहा टोकांचे, एकही दुसऱ्यासारखा नको म्हणून. माझी मलाच शरम वाटायची. छापखान्यातले येऊन म्हणायचे, "भिया, ये क्या बना रिये हो?" मी म्हणायचो, "बाहर का काम है." त्या सफरचंदावर आणि बर्फावर मी एकदाचा पास झालो. खातं उघडलं.

आणि मग पहिलं खरं चित्र म्हणून मी माझा गणपती पाठवला. पंधरा दिवस घासूनपुसून, सगळ्या रेषा बंद करून, रंग त्यांच्या पद्धतीचे करून. बाबांना आधीच सांगून ठेवलं होतं, आठवड्याभरात तुम्हाला काहीतरी दाखवतो. त्यानंतरची ती पोह्यांच्या वेळची मेल.

मी तिचं प्रिंट काढलं आणि घरी नेलं. घरात इंग्रजी यायचं ते बाबांना. कारखान्यात तीस वर्षं रिपोर्ट लिहिलेले. त्यांनी चष्मा लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचलं, मग म्हणाले, "ते म्हणतायत, हे चित्र दुसऱ्या एकाच्या नावावर आधीच त्यांच्याकडे आहे. आणि बाजारातल्या सीड्यांमध्येही आहे. तू ते उचललंयस. तुझं असेल तर हातानं काढलेलं मूळ चित्र पंधरा दिवसांत दाखव, नाहीतर खातं बंद."

एवढं सांगून त्यांनी कागदाची घडी केली, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मग? आहे का तुझं?"

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काय सांगू! समोरच्या खाटेवर बसून ज्यांनी तो गणपती काढताना बघितला, त्यांनी विचारावं, आहे का तुझं? चप्पल घातली आणि परत दुकानात गेलो.

तिथे त्या वेबसाइटवर शोधशोध शोधला आणि तो दिसला. माझाच. माझी पगडी, माझी मांडी, माझा उंदीर. कुठल्या देशातल्या कुणीतरी ती इंदूरची सीडी मिळवली असणार, आणि ओळखू येऊ नये म्हणून चित्र आरशातल्यासारखं उलटं केलं होतं. डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा झाला होता. उजव्या सोंडेचा किती कडक, त्याचं सोवळं किती, असा गणपती लग्नपत्रिकेवर कोण घालील? पण हे त्या तपासनिसाला कोण सांगणार! मी सांगायचा प्रयत्न केला. डिक्शनरी घेऊन बसलो आणि मोडक्या इंग्रजीत लिहिलं की साहेब, उजवी सोंड घरात ठेवत नाहीत, आणि त्या माणसाला विचारा उंदराच्या हातात काय आहे. तो फूल म्हणेल. ती जिलबी आहे. उत्तर आलं, आभारी आहोत, मूळ चित्र पाठवा. ज्या देवासला सरकार नोटा छापतं त्या गावात बसून मी नक्कल करणारा ठरत होतो आणि माझ्याकडे दाखवायला कागद नव्हता.

कागद होता. धारला, देवाकडे.

दुसऱ्या दिवशी इंदूरवरून धार गाठलं. ताईनं दार उघडलं, माझा चेहरा बघून तिला वाटलं बाबांना काही झालं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, पण ते आईसाहेबांच्या पेटीत असेल, आणि पेटी देवघरात." आईसाहेब म्हणजे तिच्या सासूबाई. घरात सगळे त्यांना तसंच म्हणतात. टेबलावर जवळच्या तिरल्याहून आलेली कुठल्याशा लग्नाची पत्रिका पडली होती. तिच्यावरही माझा जिलबीवाला उंदीर! ताईला हसू आवरेना. मला मात्र त्या उंदराचं तोंड बघवत नव्हतं.

आईसाहेब सोवळ्यात होत्या. मी नमस्कार केला, बोलायला सुरुवात केली आणि अडखळलो. एवढ्या जुन्या घरात वेबसाइट, व्हेक्टर, तपासनीस काय सांगायचं! शेवटी म्हटलं, "आईसाहेब, लोक म्हणतात तो गणपती मी काढलेला नाही."

त्या म्हणाल्या, "कोण म्हणतं?"

"परदेशातले लोक."

"त्यांना काय ठाऊक! तुमचे वडील स्वतः घेऊन आले होते. 'मुलानं काढलाय', म्हणून सांगितलं त्यांनी. मी इथेच होते." मग देवघराकडे बघून म्हणाल्या, "देवाला दिलेलं परत न्यायचं नसतं. पण तुमच्यावर आळ आलाय. न्यावं. संकष्टीच्या आत आणून ठेवावं."

'मुलानं काढलाय' हे बाबा कधी कुणाला बोलले असतील हे मला नवीनच होतं. पण खरं सांगू, त्या वेळी मला ते नीट ऐकूच गेलं नाही. माझं सगळं लक्ष पेटीकडे. त्यांनी रेशमी फडक्यातून तो कागद काढला. मधे एक घडी पडलेली, कडा पिवळ्या झालेल्या, पण शाई काळीभोर. गणपतीच्या कपाळावर कुंकवाचा अंगठ्याएवढा डाग, वाळून तपकिरी झालेला. पायाशी हळद पसरलेली. खाली बाबांचं अक्षर. मला रडायलाच आलं. वाटलं, आता सुटलो!

देवासला उतरलो तो घरी न जाता थेट दुकानात. स्कॅनर गरम केला, कागद ठेवला, चित्र स्क्रीनवर आलं. आणि मी बघतो तर काय, किती घाण! घडीची काळी रेष, पिवळे डाग, कपाळावर तो कुंकवाचा बरबटलेला ठसा, त्याच्याखाली भुवयांच्या रेषा दिसतही नाहीत. हे असं पाठवायचं? ज्या लोकांना ठिपक्यांची फाइल जराशी धूसर चालत नाही, त्यांना हे? दुकानात गिऱ्हाईक आजोबांचा फाटका फोटो घेऊन येतं, आपण तो कसा परत देतो? डाग काढून, चिरा बुजवून, चकाचक करून. तसाच्या तसा दिला तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल. हातालाच सवय. मी विचार केलासुद्धा नाही.

खालचा मजकूर आधी कापून टाकला. त्यांना मराठी कुठे वाचता येणार आणि निमंत्रणाचा चित्राशी संबंध काय? मग पिवळेपणा घालवला. घडीची रेष बुजवली. हळद काढली. शेवटी कुंकू. ते निघता निघेना. चित्र मोठं मोठं करत नेलं आणि एकेक ठिपका उचलून, शेजारचा पांढरा रंग त्यावर बसवत गेलो. खालच्या भुवया नव्यानं ओढल्या. मधे लाइट गेली, यूपीएस बोंबलला, सगळं पहिल्यापासून केलं. सगळी दुपार लागली. झाल्यावर खुर्ची मागे सारून बघितलं. असा स्वच्छ गणपती की काल काढलाय असं वाटावं! मी स्वतःवर खूष होऊन पाठवून दिला.

घरी येऊन मूळ कागद बाबांच्या हातात दिला. म्हटलं, "सापडला. पाठवला." त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, आमच्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. जेवताना एकदा उठून परत बघून आले.

उत्तर चार दिवसांनी आलं. या वेळी छोटंसं होतं. मी तेही प्रिंट काढून घरी नेलं. त्यातला 'क्लोज्ड' हा शब्द मला येत होता.

बाबांनी वाचलं. म्हणाले, "ते म्हणतायत, पाठवलेलं मूळ चित्र खरं नाही. त्यात कॉम्प्युटरनं फेरफार केलेला दिसतो. कागद जुना असल्याचा काही पुरावा नाही. खातं कायमचं बंद केलंय, यापुढे पत्रव्यवहार होणार नाही."

मी ओरडलोच. "हरामखोर आहेत! नालायक! कागद समोर आहे, शाई समोर आहे, आणखी काय जीव देऊ काय यांना?" अजून बरंच बोललो. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाबा मला बोलू देत होते. मी दमल्यावर म्हणाले, "तू काय पाठवलंस ते दाखव."

मी ते चित्रही प्रिंट करून ठेवलं होतं, गुळगुळीत कागदावर, फ्रेम करायचं म्हणून. त्यांच्या हातात दिलं. ते देव्हाऱ्याजवळ गेले, मूळ कागद काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी जमिनीवर ठेवले. चष्मा लावला. वाकून बघायला लागले, टेबलावर आलेला पार्ट बघावा तसं, वरून खाली. त्यांचं बोट माझ्या स्वच्छ गणपतीच्या कपाळावर येऊन थांबलं.

"कुंकू कुठाय?"

"काढलं."

"का?"

"घाण दिसत होतं, बाबा. भुवया दिसत नव्हत्या. डाग वाटला असता त्यांना."

"आणि खालचं?"

"कापलं. त्यांना मराठी येत नाही."

"आकडे येतात ना? तारीख होती त्यात. या सीड्याबिड्या यायच्या आधीची तारीख. माझ्या हातची." त्यांचा आवाज चढला. तीस वर्षांत मी तो आवाज घरात ऐकला नव्हता. तो कारखान्यातला असणार. "तारीख कापलीस, शिक्का पुसलास आणि माल पाठवलास! अरे मूर्खा, मारलेला शिक्का कुणी पुसतं का? पास केला होता मी तो!"

आई म्हणाली, "अहो, हळू." ते हळू झाले नाहीत. मूळ कागद उचलून ते खाटेवर जाऊन बसले आणि भिंतीकडे तोंड केलं. मी तिथेच जमिनीवर.

त्यानंतर मी वेबसाइटवाल्यांना बिनपुसलेला कागद पाठवला, तारखेसकट, चार वेळा. एकाही मेलला उत्तर आलं नाही. संकष्टीच्या आदल्या दिवशी तो कागद धारला नेऊन आईसाहेबांच्या पेटीत ठेवला. तो उजव्या सोंडेचा अजून त्या वेबसाइटवर विकला जातो, कुणा परक्याचं नाव खाली घेऊन, आणि आमच्याकडे दर सीझनला कुणीतरी पत्रिका आणून देतंच, ज्यावर तो उंदीर जिलबी खात बसलेला असतो. मला अजून राग येतो. त्या चोराचा येतो, त्या तपासनिसाचा येतो, आभारानं सुरू होणाऱ्या प्रत्येक मेलचा येतो.

पण खरा राग कुणाचा येतो ते मला माहीत आहे. हा गणपती माझा आहे असं बाबांनी एकदा म्हणावं, एवढंच मला हवं होतं. त्यांनी ते ताईच्या लग्नाच्या वेळीच ओल्या कुंकवात अंगठा बुडवून म्हणून ठेवलं होतं, आणि चित्र चारशे टक्के मोठं करून, एकेक ठिपका वेचून, दुपारभर बसून तो अंगठा मी माझ्या हातानं पुसला होता.